बोंडअळीचा ढावलो

दारव्हा,
सोमवार, १२ जानेवारी २०२६

चि. अभिषेक,

काल, रविवार दिनांक ११ जानेवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, दारव्हा स्टँडवरून बोरी अरबला निघालेल्या गोपालच्या भरगच्च जीपमध्ये, सगळ्यांदेखत उघडकीस आलं की राखी राठोडचा आवाज तिच्याच गाण्यात नाही. गाणं तुझ्या ‘बोंडअळी’ बँडचं, म्हणून तक्रार तुझ्याकडे. आशीर्वाद आहेतच. ते तक्रारीच्या आड येत नाहीत.

राखीच्या आईने, हंसाबाईंनी, आम्हाला तांड्यावर ओल्या तुरीच्या सोलेभाताला बोलावलं होतं. राखी दोन वर्षं माझ्या घरी राहून एम.ए. करते, हे तुला माहीत आहे. पण मुंबईला गेल्यापासून माहीत असलेल्या गोष्टी तू विसरतोस, म्हणून लिहिते. मी पुढे बसले, राखी मागे चेंगरून. गोपालने आरशात तिला ओळखलं आणि म्हणाला, "बोंडअळीवाली ताई हाय नं आपल्या गाडीत. आजच नवीन गाणं आलं, लावतो." आणि त्याने ‘विनंती थांबा’ लावलं.

सुरुवात ओळखीची होती. राखीच्या तांड्यावर एस.टी. का थांबत नाही, हे तुम्ही ज्या पद्धतीने विचारता, त्या पद्धतीने मी कंडक्टर असते तर मीही थांबले नसते. पण ते असो. दुसऱ्या कडव्यानंतर तुम्ही सगळे एकदम थांबता, धम्मरत्नचे ड्रम, शामचा बेस, तुझं ते गिटार. आणि त्या शांततेत राखीचा ढावलो उठतो. सासरी निघालेली बंजाऱ्यांची मुलगी आपल्या माणसांचा निरोप घेताना सुरात जो आकांत करते, तो. आमच्या मागच्या शेडमध्ये तो पहिल्यांदा झाला तेव्हा तुझे काका कानातलं मशीन काढून पेपर वाचत होते, तरी चष्मा हातात घेऊन उठून अंगणात आले.

काल त्या जागी एक गोड मुलगी आली. केसांच्या तेलाच्या जाहिरातीत असते तशी. सुरात होती, अगदी काठोकाठ सुरात. आली, गालावरून हात फिरवल्यासारखं काहीतरी केलं आणि गेली.

जीपमध्ये कुणालाही फरक कळला नाही. मला हेच जास्त लागलं. एका बाईने राखीच्या गालाला हात लावून कानशिलावर बोटं मोडली. "काय आवाज हाय व माय तुहा." राखी म्हणाली, "थँक्यू काकी." मग बोरी अरब येईपर्यंत ती बाहेरची तूर बघत बसली. उतरल्यावर मला म्हणाली, "आत्या, हा माहा आवाज नोहे."

मला कळलं होतं. मी आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं आहे. आवाज बदललेला मला ‘हॅलो’च्या आत कळतो.

आता माझं ऐक. तुमचा बँड जन्मला तेव्हा त्याला माझ्या शेडशिवाय जागा नव्हती. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मी माझ्या लग्नातल्या कापसाच्या गाद्या भिंतींना टांगू दिल्या. यवतमाळच्या कॉलेजात तुमचा माइक बंद केला, तेव्हा प्राचार्यांना कोण बोललं? मी. इंग्रजीत बोलले, कारण कॉन्व्हेंटचं इंग्रजी ऐकलं की लोक आधी घाबरतात आणि मग समजून घेतात. नागपूरला त्या तळघरात पन्नास पोरांपुढे वाजवलंत, तिथेही मी होते. कोपऱ्यात, खुर्चीवर, डबा मांडीवर घेऊन. तुमचा व्हिडिओ लोकांच्या फोनमध्ये पसरला आणि मुंबईची कंपनी दारात आली, तेव्हा पेढे मीच वाटले. ‘बोंडअळी’ या नावाचा अर्थ त्यांच्या माणसाला समजावून सांगता सांगता माझा अर्धा दिवस गेला. तो म्हणाला, किड्याचं नाव कशाला? मी म्हटलं, कारण ती बोंडात शिरलेली बाहेरून दिसत नाही. त्याने ते लिहून घेतलं.

दिवाळीपासून तू माझ्याशी बोलत नाहीस. वार्ताहराला मी सांगितलं की अभिषेकचं गिटार कधीच पूर्ण सुरात नसतं, आणि ते छापून आलं. पुढचं वाक्य त्या शहाण्याने छापलं नाही. ते असं होतं: ‘आणि ज्या दिवशी ते पूर्ण सुरात येईल, त्या दिवशी मी ऐकणं सोडून देईन.’ हे तुला कळावं म्हणून सांगते; माफी वगैरे मागत नाही.

पण राखीचा आवाज काढून दुसरीचा घातलास आणि तिला ते जीपमध्ये कळावं, एवढा मोठा तू कधी झालास, ते मला कळव.

तुझी आत्या,
शुभदा पांढरीपांडे


दारव्हा,
सोमवार, १९ जानेवारी

चि. अभिषेक,

तुझा निरोप तुझ्या काकांच्या फोनवर आला. आत्याला सांगा, आवाज कुणी काढला नाही, स्टुडिओत राखीकडूनच झालं नाही. दोन दिवस प्रयत्न केला. गाण्याची तारीख ठरलेली होती. तिला सांगायचा धीर झाला नाही. पुण्याला सात फेब्रुवारीला मोठ्या मैदानावर कार्यक्रम आहे, तिथे ती रेकॉर्डवर ओठ हलवेल, सगळेच करतात.

काकांनी हा मजकूर मला वाचून दाखवला. ज्यांना कमी ऐकू येतं ते मोठ्याने वाचतात, हे तुला ठाऊक आहे. राखी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

तिने ट्रे ठेवला. चहा ओतला, काकांना बिनसाखरेचा दिला. मग म्हणाली, "त्याले सांगजा आत्या, पुण्याले थ्या पोरीलेच ने म्हणा. ओठ बी तिचेच हलू दे." नंतर शेडमध्ये जाऊन तिने आपला माइक आणला, पुसला आणि माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. बँड सोडला असं ती म्हणाली नाही. माइक साड्यांखाली गेल्यावर म्हणायला उरतं काय?

मी तिला खोदून विचारलं. तिची काही तक्रार नाही, आणि याचाच मला राग येतो. कंपनीच्या प्राचीने तिला गरम पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, सगळं केलं. काचेची खोली होती. कानाला डबडी लावली, समोर माइक, काचेपलीकडे तुम्ही सगळे. तिने तोंड उघडलं आणि खोकला आला. दुसऱ्यांदा उघडलं तर आवाज निघाला, पण तो तिलाच ओळखू आला नाही. "मले येतच नसन आत्या," ती म्हणाली. "हे सारं असंच झालं असन आतापावेतो." नागपूरचं तळघर जिने हलवलं, ती मुलगी कांदा चिरताना हे मला सांगते.

मी दुसऱ्या दिवशी एकटी तांड्यावर गेले. हंसाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला न विचारता त्यांनी माझ्यापुढे एक ढीग सारला. त्यांच्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने बसत नाही. मी सगळी हकीकत सांगितली, काचेच्या खोलीसकट. वाटलं, आता त्या तुम्हाला शिव्या घालतील आणि मी मनापासून साथ देईन. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कोनाचा गळा धरला होता?"

मी म्हटलं, कुणाचाच नाही, एकटीच होती आत.

हंसाबाई हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून हसल्या. "मंग कसा येईन व बाई? ढावलो काय रेडूवरचं गानं हाय? माय धरा लागते, बाप धरा लागते. मानूस छातीशी नसन तं कोनाले सांगन थे पोट्टी? काचाले?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली, अभिषेक.

कारण मला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं. मला होतं, आणि तरी मला सुचलं नाही. दारव्ह्याला तुम्ही पहिल्यांदा ते गाणं टेप केलंत तो दिवस आठव. राखीने तुम्हा तिघांना अंगणात काढलं होतं. तुमच्यासमोर लाज वाटते म्हणाली. तू बटण दाबून बाहेर गेलास आणि काकांच्या स्कूटरवर बसून शेंगदाणे खाल्लेस. आत मी होते. गाद्या नीट टांगल्यात का ते बघायला गेले होते. राखीने इकडेतिकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "आत्या, जरा उभ्या राहता?" मला वाटलं, वायर धरायची असेल. मी उभी राहिले, तर तिने दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले, कपाळ खांद्यावर ठेवलं, आणि माझ्या कानाशी ‘याडी ये’ असा जो आवाज निघाला, तो पुढे तू लोकांना ऐकवलास.

‘याडी’ म्हणजे आई, हे तरी तुला माहीत असेल.

आम्हाला कॉन्व्हेंटच्या गायनवर्गात हात मागे बांधून उभं करायचे. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचं नाही, शेजारणीला स्पर्श करायचा नाही. त्या शिस्तीचा मला अभिमान आहे, आजही मी सुरात गाते. पण त्या दिवशी मी खांबासारखी उभी होते आणि माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळत नव्हतं. शेवटी एक हात तिच्या पाठीवर ठेवला. कान देऊन ऐक तुझ्या त्या पहिल्या टेपमध्ये. बांगडीचा एक बारीक आवाज आहे. तो तुमचा नाही, माझा आहे.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात? संध्याकाळी मानेला बाम चोळला. तुझे काका म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, गाद्या जड आहेत.

आणि नागपूरला? माइक हातात घेऊन ती गर्दीत उतरली आणि नाकात रिंग घातलेल्या त्या जाड्या पोराच्या गळ्यात पडली. तो पोरगा हुंदके देऊन रडला, तिला माहीतही नव्हतं तो कोण. तू नंतर म्हणालास, भारी स्टंट होता. अकोल्यालाही तिने तेच केलं, अमरावतीलाही. वाजवताना तुझी नजर गिटारवरून उठत नाही, त्यामुळे तुला एवढंच दिसतं की राखी कुठेतरी गेली आणि परत आली. तिला प्रत्येक वेळी माणूस लागत होता. आम्ही सगळे समोर होतो आणि हे ओळखलं कुणी, तर जिने तुमचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही तिने. हंसाबाईंना तुमचे ड्रम सोसत नाहीत. टिनावर माकडं, म्हणतात.

राखीला मी अजून काही बोललेले नाही. आधी खात्री करते.

तुझी आत्या,
शुभदा


दारव्हा,
शनिवार, २४ जानेवारी

चि. अभिषेक,

खात्री झाली. काय झालं ते सांगते, म्हणजे तुला पळवाट राहणार नाही.

गुरुवारी हंसाबाईंना मी घरी बोलावलं. राखीला सांगितलं, तुझी आई डॉक्टरला दाखवायला येते आहे. हंसाबाईंची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे, पण एवढं खोटं चालतं. जेवणं झाली. शेडमध्ये तिघी गेलो. तुझे काका फोन हातात धरून दाराशी बसले. रेकॉर्ड कसं करायचं ते त्यांना चार वेळा शिकवलं होतं.

राखी तयार होईना. जमत नाही म्हटल्यावर जमत नाही, कायले मागे लागता, म्हणाली. हंसाबाईंनी वाद घातला नाही. उठल्या आणि मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. राखीने त्यांना धरलं मात्र, आणि गाणं राहिलं बाजूला, दोघी मायलेकी रडायला लागल्या. खरंखुरं, नाक वाहेपर्यंत. हंसाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "माह्याच्यानं नाही होत. मले सारं खरंच वाटते. तुमी उभ्या राहा बाई."

म्हणजे मी पुन्हा उभी राहिले. राखीला म्हटलं, "माझी मान उपलब्ध आहे." ती रडत होती, तरी हसली. हंसाबाई मागून म्हणाल्या, "धर." तिने धरलं.

पुढचं काय लिहू. तू टेप ऐकशील. मी फक्त एवढं सांगते की समोरच्या घरातले देवीलाल तांब्याभर पाणी घेऊन धावत आले आणि फाटकातूनच विचारायला लागले, काय झालं, कोण गेलं. तुझ्या काकांनी त्यांना आत घेतलं, बसवलं, आणि ते पाणी स्वतःच प्यायले. ढावलो संपल्यावर राखी माझ्यापासून बाजूला झाली, तिने दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि म्हणाली, "भूक लागली." एवढं जेवण झाल्यावर. मी तिला पोहे करून दिले. ती फडताळाला टेकून खात होती, पाय हलवत, ओठ न हलवता काहीतरी गुणगुणत होती. गेले दहा-बारा दिवस हे घर गप्प होतं. मला या घरात गोंगाट हवा असतो, हे साठी उलटल्यावर कळलं मला. काही लोकांना तेवढंही कळत नाही.

शुक्रवारी सकाळी मी कंपनीत प्राचीला फोन लावला. मुलगी शहाणी आहे, मध्ये बोलत नाही. काचेच्या खोलीत दोन माणसं मावतात का, असं मी विचारलं. मावतात म्हणाली. मग सगळं सांगितलं, टेप पाठवली. दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, मॅडम. आम्ही तिला हात स्थिर ठेवायला सांगत होतो, कपड्याचा आवाज येतो म्हणून.

तर बोलणं असं झालं आहे. तीन फेब्रुवारीला स्टुडिओ रिकामा आहे. राखीचा आवाज पुन्हा घेता येईल, आणि जे गाणं लोक आता ऐकतात ते काढून हे चढवता येईल. पुण्याच्या मंचाला खाली उतरायला पायऱ्या लावता येतील; लोकांना अडवायला तिथे लोखंडी कठडा आणि मध्ये मोकळी जागा असते म्हणे, पण वाट ठेवता येईल. फक्त हे बँडने मागायला हवं. तुमच्या कागदांवर बँडचा प्रमुख म्हणून तुझी सही आहे. मी मागून उपयोग नाही. मी कोण? मान.

मग मी राखीला विचारलं, जाशील का? तिला जायचं आहे. मला चेहरा दिसतो. पण ती म्हणाली, "तुमी नका ठरवू आत्या. त्यानं मले विचारावं. मले. तिथं नाही जमलं तवा तो काचामागून पाहत होता, एकदा आत येऊन विचारलं नाही का काय झालं म्हणून." तिचं बरोबर आहे. मीही तुला वाचवू शकत नाही, आणि प्रयत्नही करणार नाही.

लोकांना आवडेल म्हणून तुम्ही गुळगुळीत झालात, असा आरोप मी पहिल्या पत्रात करणार होते. जागा पुरली नाही. आता तो करत नाही. जीपमधल्या बायकांनी तुमचं गाणं ऐकावं, गोपालने ते दिवसातून दहादा लावावं, चपलांच्या दुकानात ते वाजावं, हे मला आवडतं. काल बाजारात भाजीवालीने मला ‘बोंडअळीची आत्या’ म्हणून दोन वांगी जास्त दिली. मी घेतली. तुम्ही मोठे व्हा. पुण्याच्या मैदानावर वाजवा, त्याहून मोठ्या मैदानावर वाजवा. पण लोकांना ऐकवायचंच आहे तर राखी ऐकवा. तिला ऐकून माणसं पाणी घेऊन धावतात.

आता शेवटची गोष्ट, आणि ही मला हंसाबाईंनी जाताना फाटकात सांगितली. तुम्ही गाण्यात घेतलात तो ढावलो अर्धाच आहे. आईला धरून झालं की मुलगी भावाकडे वळते. त्याला धरून म्हणायचं कडवं वेगळं असतं. राखीला ते येतं; हंसाबाईंनी तिला लहानपणीच शिकवलं. पण तिला भाऊ नाही, म्हणून तिने ते आजवर कुठेच म्हटलेलं नाही, शेडमध्ये नाही, तळघरात नाही. मी म्हटलं, मग ते राहू द्या. हंसाबाई म्हणाल्या, "राहू काहून द्या? भाऊ हाय नं. गिटार वाजवते थो."

मी त्यांना म्हटलं, तो आमच्याशी बोलत नाही सध्या. त्या म्हणाल्या, "भाऊच हाय मंग."

तीन तारखेला मी मुंबईत असेन. दोन तारखेच्या ट्रॅव्हल्सची तिकिटं काढून ठेवली आहेत, राखीचं आणि माझं, शेजारशेजार. राखीला माझं माहीत आहे, तिचं नाही. आईच्या कडव्याला मी उभी राहीन. भावाच्या कडव्याला माझी मान चालणार नाही. त्या वेळी तू काचेपलीकडे उभा राहायचं नाहीस, अंगणात जायचं नाही, आणि गिटार गळ्यात ठेवायचं नाही. मध्ये लागतं ते.

तेव्हा उत्तर लिही. मला नको, काकांच्या फोनवर तर मुळीच नको. पाकिटावर कु. राखी राठोड असं नाव घाल, पत्ता माझा. आत तिला विचार, येशील का. आणि तू आत उभा राहणार आहेस की नाही, ते स्पष्ट लिही. पोस्टाला लागणारे दिवस मी धरलेले आहेत. पत्र शनिवार, ३१ जानेवारी रोजी संध्याकाळी पाचच्या आत तिच्या हातात पडलं पाहिजे.

तुझी आत्या,
शुभदा पांढरीपांडे